फुलावर आलेली कोथिंबीर

नव्या पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर
तिसऱ्या मजल्यावर आमची अभ्यासिका.
एकशे दहा खुर्च्या, बावीस ट्यूबलाइट,
चोवीस तास चालू.
बटणांवर चिकटपट्टी लावलीय,
चुकून कुणाचा हात पडू नये म्हणून.

सीट एकेचाळीस, वनिता मुटकुळे, गाव जिंतूरकडचं.
तिनं श्रीखंडाच्या डब्यात धने पेरले,
मेसच्या पोह्यांवर टाकायला.
कोथिंबीर वीतभर झाली नाही तोच दांडा धरला,
पानं चिरत चिरत दोऱ्यासारखी झाली
आणि सहाव्या आठवड्यात वर पांढरी फुलं.
"काका, हे काय हो?
मी तर अजून खाल्लीपण नाही."

मी बोट घालून बघितलं. माती खडखडीत.
मुळं डब्याच्या आतून गोल गोल फिरून
स्वतःलाच धरून बसलेली.
डोक्यावर हातभर अंतरावर ट्यूब.
म्हटलं, हिनं दिवस मोजायला घेतला, तो संपेना.
हिला वाटलं, उन्हाळा आला, पाणी सरलं,
आता वाढून काय करायचं,
बी धरावं नि मोकळं व्हावं.

हे मी वाचलेलं नाही.
नऊ वर्षं उरुळीला पॉलिहाउसात होतो, शेवंतीवर.
तिथं उलटं.
शेवंतीला लांब रात्र लागते, तेव्हा कुठं कळी धरते.
दसऱ्याच्या आधी फुलू नये म्हणून
मध्यरात्री आम्ही ओळीनं बल्ब लावायचो.
रात्र मधेच मोडायची.
मोडलेली रात्र शेवंती हिशोबात धरत नाही,
नुसती पानं काढत राहते, हिरवी, उंच.
मग मालकानं दिवस मोजून सांगितलं की
पाचलाच काळं कापड ओढायचं.
बाहेर लख्ख ऊन, आत आम्ही चाचपडत.
तीनेक आठवड्यांत कळ्या.

तेच बल्ब. एकीला अडवतात, एकीला पळवतात.

वनिताला हे पुढचं सांगितलं नाही.
पण रात्री अडीचच्या फेरीत मला दिसतं.
सीट बाराचं सातवं वर्ष, अजून पानंच.
सीट सत्तर, विशीतला पोरगा,
कानामागं केस पांढरे.
वनिताचं काय, ते मला ठरवता येत नाही.
वडलांचा फोन ती जिन्यात घेते.
"यंदाचं शेवटचं" एवढंच ऐकू येतं.
ते म्हणतात की ती म्हणते, कळत नाही.

एका बुधवारी मी मेन स्विच खाली पाडला.
"फेज गेलाय," म्हणून ओरडलो.
आधी मोबाइलचे उजेड इकडून तिकडे फिरले,
मग एकेक विझत गेले.
पंखे थांबल्यावर
शंभर माणसं श्वास घेतात हे पहिल्यांदा ऐकू आलं.
कुणी डोकं टेकलं. कुणीतरी घोरलंसुद्धा.
रस्त्यावरचा दिवा मात्र खिडकीतून
नेमका श्रीखंडाच्या डब्यावर पडत होता,
त्याचं बटण माझ्याकडं नव्हतं.
डब्यावर मी माझा पंचा टाकला.
उपयोग नसतो. एकदा दांडा धरला की
कोथिंबीर मागं फिरत नाही.
तरी टाकला.

चाळीस मिनिटांनी स्विच वर केला.

सकाळी तक्रारवहीत एकच नोंद,
"काल रात्री चाळीस मिनिटं वाया गेली.
इन्व्हर्टर कधी बसवणार?
मुटकुळे, सीट ४१."
खाली मी लिहिलं, मालकांना कळवतो.

आता डब्यात हिरवे धने लागलेत.
काल तिनं एक तोडून दाताखाली फोडला,
डोळे बारीक केले,
"वास तर गावाकडचाच आहे," म्हणाली,
आणि पान उलटलं.